महागडी हातहत्यारे शेतकऱ्यास परवडतात काय?

शेतीच्या खर्चाचा हिशोब मांडताना बियाणे, खते, औषधे, मजुरी व पाणीपट्टी यांची नोंद बहुतेक शेतकरी करतात. पाने, पकडी, पेचकस, हातोडा, कानस ही हातहत्यारे मात्र त्या हिशोबात क्वचितच येतात. ती कधी यंत्राबरोबर मिळालेली असतात, कधी बाजारात सुतळीने बांधलेल्या जुडग्यातून घेतलेली असतात आणि पुष्कळदा शेजाऱ्याकडून आणलेली असतात. पूर्वी हे चालून जात असे. लाकडी नांगर व कुळव यांचे सांधे पाचरीने आवळले जात. फाळ शेवटण्याचे काम लोहार करी व त्याचे बलुते ठरलेले असे. पुढे लोखंडी नांगर आला. कै. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या समजुतीमुळे आरंभी तो खपेना, असे सांगतात. १९१० साली किर्लोस्करवाडीची स्थापना झाली आणि त्यानंतर हा नांगर दूरवर पसरला. त्याचे भाग नट-बोल्टांनी जोडलेले असत. पाचरीची जागा नटाने घेतली तेव्हाच पाना ही शेतकऱ्याच्या घरातील गरजेची वस्तू झाली.

आज परिस्थिती याच्याही पुढे गेली आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील पुणतांब्याचेच उदाहरण घ्यावे. गोदावरीच्या दक्षिण तीरावरील हे गाव चांगदेवांच्या समाधिमंदिरामुळे सर्वांस परिचित आहे. दौंड–मनमाड लोहमार्गावरून शिर्डीकडे जाणारा फाटा याच स्थानकावरून फुटतो. कालव्याच्या व विहिरींच्या पाण्यावर या भागात ऊस, गहू, कांदा, सोयाबीन, पेरू व डाळिंब ही पिके होतात. येथील मध्यम बागायतदाराच्या घरी विहिरीवरील मोटर, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, फवारणी यंत्र, ठिबकची गाळणी व कडबाकुट्टी एवढी यंत्रे असणे आता नवलाचे राहिलेले नाही. या यंत्रांत मिळून शेकड्यांनी नट-बोल्ट असतात. १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांच्या संपाची सुरुवात याच गावातून झाली. उत्पादनखर्च व हाती येणारा भाव यांतील अंतर किती तोकडे आहे, हे या गावास निराळे सांगावयास नको. अशा स्थितीत एका पान्यासाठी दहापट किंमत मोजावी काय, हा प्रश्न किरकोळ वाटला तरी तसा नाही.

प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. कालव्याचे आवर्तन चालू आहे, शेततळे भरून घ्यावयाचे आहे आणि पंपाच्या जोडावरील एक बोल्ट ढिला झाला आहे, अशी कल्पना करावी. घरातील पाना तोंडाशी फाकलेला आहे. तो नटावर दोनदा घसरतो आणि नटाचे सहाही कोपरे गोल होतात. आता चांगला पाना आणला तरी तो नट त्यास दाद देणार नाही. छिन्नीने नट फोडावा लागतो, त्यात बोल्टचे आटे जातात आणि त्याच मापाचा बोल्ट गावात मिळत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पंप बंद राहतो. आवर्तन कोणासाठी थांबत नाही. साठ रुपये वाचविणाऱ्या पान्याने अशा वेळी किती नुकसान केले, ते ज्याचे त्याने काढावे.

म्हणून स्वस्त ते बरे की महाग ते बरे, असा सरसकट प्रश्न विचारून उपयोग नाही. वाढीव किंमत कोणत्या गुणासाठी द्यावी लागते आणि तो गुण आपल्या कामास लागतो की नाही, हे पाहिले पाहिजे.

पान्याची किंमत कशाने वाढते

बाजारातील हातहत्यारांचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील हत्यारांवर बनविणाऱ्याचे नाव नसते, किंवा असलेच तर ते एखाद्या प्रसिद्ध नावाशी मिळतेजुळते असते. दुसरा वर्ग नामांकित देशी कारखान्यांच्या मालाचा. पंजाबातील जालंधर व लुधियाना ही या धंद्याची मोठी केंद्रे आहेत. आपल्या राज्यात नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत टापरिया कंपनीचा कारखाना असून, या कंपनीने १९६९ साली एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने हातहत्यारे बनविण्यास प्रारंभ केला. कानशींचे मोठे उत्पादन रत्नागिरी येथे होते. तिसरा वर्ग जर्मनी, अमेरिका, जपान इत्यादी देशांतील उंची मालाचा. येथे नावे माहितीसाठी दिली आहेत. कोणत्याही एका कारखान्याची शिफारस करण्याचा हेतू नाही.

पहिल्या व दुसऱ्या वर्गातील फरक मुख्यतः पोलादाचा आणि पाण्याचा आहे. पाणी म्हणजे लोहार विळ्यास किंवा कुऱ्हाडीस देतो तेच पाणी. चांगला पाना क्रोम व व्हॅनेडियम हे धातू अल्प प्रमाणात मिसळलेल्या पोलादाचा असतो. तो तापवून साच्यात घणाने घडवितात, पुन्हा ठरावीक उष्णतेपर्यंत तापवून तेलात विझवितात आणि मग बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवितात. या शेवटच्या क्रियेत सारे मर्म आहे. पाणी कमी पडले तर पाना मऊ राहतो आणि त्याचे तोंड फाकते. जास्त झाले तर तो जोर लावताच काचेप्रमाणे तुटतो व हातास इजा करतो. निनावी पान्यात साधे लोखंड वापरलेले असते, किंवा पोलाद बरे असूनही पाणी देण्यात हयगय झालेली असते. वरचा चकचकीत मुलामा दोघांवर सारखाच दिसतो. चकाकीवरून पान्याची पारख करणे म्हणजे झुलीवरून बैल विकत घेणे होय.

दुसरा फरक मापाचा. नट पान्यात सहज शिरावा म्हणून नटाचे माप नावापुरत्या आकड्यापेक्षा किंचित कमी व पान्याच्या तोंडाचे माप किंचित जास्त ठेवतात. ही ढिलाई किती असावी हे मानकात ठरलेले आहे. ढिलाई वाढली की पाना नटाच्या सपाट बाजूस न टेकता केवळ कोपऱ्यास टेकतो, सर्व जोर त्या बारीक रेषेवर येतो आणि कोपरा दबून गोल होतो. म्हणजे वाईट पाना केवळ स्वतः खराब होत नाही, तो यंत्रासही खराब करतो. पुष्कळ शेतकऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही आणि दोष नटाच्या कंपनीस दिला जातो.

आता दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांतील फरक पाहू. येथे पोलादाचा फरक अगदी थोडा आहे. उंची पान्याच्या भिंती पातळ असतात, त्यामुळे तो अडचणीच्या जागी शिरतो. त्याचा मागेपुढे फिरणारा दांडा, ज्यास रॅचेट म्हणतात, बारीक दात्यांचा असतो. दांड्यास २४ दाते असले तर पुढचा दाता पकडण्यास हात १५ अंशांतून फिरवावा लागतो. ७२ दाते असले तर ५ अंश पुरतात. मोटारगाडीच्या खचाखच भरलेल्या इंजिनात हा फरक मोठा ठरतो. रोटाव्हेटरच्या पात्यांचे बोल्ट मोकळ्या जागेत असतात, तेथे त्याचे काही मोल नाही.

शिवाय उंची हत्यारांच्या किमतीत एक सेवा अंतर्भूत असते. अमेरिकेत मिल्वॉकी येथे १९२० साली स्नॅप-ऑन ही कंपनी निघाली. प्रत्येक मापास स्वतंत्र पाना घेण्याऐवजी पाच दांडे व त्यांवर बदलून बसणाऱ्या दहा गोट्या घ्याव्यात, ही तिची मूळ कल्पना. आपण आज जी गोटीपान्यांची पेटी वापरतो, तीत हीच कल्पना आहे. पुढे या कंपनीचा माल गाडीत घालून विक्रेते गॅरेजच्या दारात जाऊ लागले. तुटलेले हत्यार मेकॅनिक जागच्या जागी बदलून घेई व पैसे हप्त्याने देई. दिवसभर पाना चालविणाऱ्या कारागिरास या सोयीचे पैसे वसूल होतात. पुणतांब्यास ती गाडी येत नाही. हत्यार आजन्म बदलून मिळेल, असे हमीपत्रात लिहिलेले असले, तरी ते कोठे व किती दिवसांनी मिळेल याची चौकशी केल्यावाचून त्या हमीसाठी पैसे देऊ नयेत. शेतात अडकलेल्या माणसास पुढच्या महिन्यात येणारा पाना निरुपयोगी आहे.

थोडे गणित

बाजारभाव दुकानागणिक बदलतात, म्हणून खालील आकडे केवळ हिशोबाची रीत समजावी यासाठी घेतले आहेत. समजा, एका मापाचा निनावी पाना ६० रुपयांस, नामांकित देशी पाना १५० रुपयांस आणि परदेशी उंची पाना २,००० रुपयांस पडला. शेतकऱ्याच्या वापरात निनावी पाना दोन वर्षे टिकला, तर वर्षास ३० रुपये पडले. त्याने बिघडविलेले नट-बोल्ट निराळे. देशी पाना पंधरा वर्षे टिकला, तर वर्षास १० रुपये. परदेशी पाना चाळीस वर्षे टिकला असे धरले, तरी वर्षास ५० रुपये होतात. सर्वांत महाग व सर्वांत स्वस्त ही दोन्ही टोके शेतकऱ्यास तोट्याचीच आहेत.

या हिशोबात एक गोष्ट अद्याप धरलेली नाही. शेतकऱ्याचा पाना झिजून क्वचितच संपतो. तो हरवतो. नांगरलेल्या रानात पडतो, उसाच्या पाचटात जातो, ट्रॅक्टरच्या पायफळीवर विसरतो आणि बांधावरून घसरतो, किंवा शेजारी मागून नेतो व दोघेही विसरतात. चाळीस वर्षे टिकणारे हत्यार तिसऱ्याच वर्षी नांगराच्या तासात गेले, तर त्याच्या टिकाऊपणाचा लाभ जमिनीस होतो, शेतकऱ्यास नाही.

ज्याचा धंदाच दुरुस्तीचा आहे, त्याचा हिशोब निराळा. गावात ट्रॅक्टर व मोटारसायकली दुरुस्त करणारा कारागीर तोच १२-१३ चा पाना दिवसातून पन्नास वेळा उचलतो. दर वेळी थोडा वेळ वाचला तरी महिन्यात काही दिवसांची मजुरी सुटते, हातास घट्टे कमी पडतात आणि ग्राहकाचा नट बिघडत नाही. अशा कारागिराने रोजच्या वापरातील चार-पाच हत्यारे उंची घेतली तर ते शहाणपणाचेच ठरेल. संपूर्ण पेटी मात्र त्यानेही एकदम घेऊ नये. आधी साधी देशी पेटी घ्यावी आणि जे हत्यार वापराने लवकर झिजेल, तेवढेच पुढे उंची प्रतीचे आणावे. कोणत्या हत्यारास पैसे घालावे, हे त्याचे कामच त्यास सांगेल.

जोर, दांडा आणि बोल्ट

पाना कितीही चांगला असला तरी तो वापरण्याची रीत चुकली तर पैसे वाया जातात. पान्याची लांबी कारखानदार मनास येईल तशी ठरवीत नाही. १७ च्या पान्याचा दांडा सुमारे २० सेंटिमीटर असतो. त्याच्या टोकास माणसाने २५ किलोचा जोर लावला, तर नटावर ५ किलो-मीटर एवढा पीळ पडतो. १० मिलिमीटर जाडीचा, डोक्यावर ८.८ असा आकडा असलेला बोल्ट आवळण्यास साधारणपणे एवढाच पीळ लागतो. म्हणजे दांड्याची लांबी व माणसाचे बळ यांचा मेळ कारखान्यातच घातलेला असतो. रेल्वेतही रुळांच्या सांध्यावरील बोल्ट आवळण्यास ठरावीक लांबीचाच पाना वापरतात, तो याच कारणाने.

आता त्या पान्यात साठ सेंटिमीटर लांबीची नळी अडकविली म्हणजे तोच माणूस तेवढ्याच जोरात १५ किलो-मीटरचा पीळ देतो. बोल्ट तुटतो, नाहीतर पाना फाकतो. पान्यास नळी लावण्याची सवय आपल्याकडे इतकी रुळली आहे की, काही घरांत ती नळीही हत्यारांतच मोजतात. अडकलेला नट सोडविण्यास क्वचित ती लावावी लागते. नट आवळताना तिचे काहीच काम नाही.

बोल्टच्या डोक्यावरील आकड्यांचा अर्थ प्रत्येक ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने शेतकऱ्यास समजावून द्यावा. ८.८ मधील पहिला ८ म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदास तुटण्यापूर्वी सुमारे ८० किलो ताण सोसणारे पोलाद. टिंबानंतरचा ८ म्हणजे त्यातील दहांत आठ हिश्श्यांपर्यंत ताण दिला तरी बोल्ट कायमचा लांबत नाही. ४.६ चा बोल्ट याच्या निम्मा ताण सोसतो. रोटाव्हेटरचा ८.८ किंवा १०.९ चा बोल्ट तुटला आणि त्या जागी दुकानातील कोणताही बिनआकड्याचा बोल्ट बसविला, तर तो आवळतानाच लांबू लागतो व शेतात तुटतो. नंतर पाना वाईट म्हणून बोल लावण्यात अर्थ नाही. चांगल्या हत्याराइतकाच योग्य बोल्ट आवश्यक आहे आणि तो त्या मानाने फार स्वस्त आहे.

अडकलेला नट सोडविताना प्रथम रिंग पाना वापरावा. तो नटास सर्व बाजूंनी वेढतो. फिक्स पाना दोनच बाजूंस टेकतो, म्हणून नट एकदा मोकळा झाल्यावर भरभर फिरविण्यापुरताच तो कामास घ्यावा. गंजलेल्या नटावर पातळ तेल सोडून रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी नटाच्या बाजूवर हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि मग जोर लावावा. पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा, पुढे ढकलू नये, कारण तो निसटला तर बोटांचे सांधे लोखंडावर आदळतात. यंत्र बंद करून, ट्रॅक्टरचा यंत्रदांडा सोडवून आणि वर उचललेले औजार जमिनीवर टेकवूनच पाना हाती घ्यावा. औजाराखाली केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर आडवे होणे हे धाडस नव्हे, तो मरणाशी खेळ आहे.

मापांचा घोळ

पुष्कळ पाने चांगले असूनही नट बिघडतात, त्यास मापांचा घोळ कारणीभूत आहे. १० मिलिमीटरच्या बोल्टास जुन्या यंत्रांत १७ चे डोके असे, काही नव्या यंत्रांत ते १६ चे असते. १२ मिलिमीटरच्या बोल्टाचे डोके जुन्या यंत्रांत १९ चे, तर नव्यांत १८ चे. १६ च्या डोक्यावर १७ चा पाना बसतो, परंतु तो घसरण्यासाठीच बसतो.

जुन्या यंत्रांत इंचांची मापे आहेत. त्यांतही दोन प्रकार आहेत. काही जुन्या ट्रॅक्टरांच्या बोल्टांवर डोक्याच्या रुंदीचे इंच धरतात. संथ चालीच्या जुन्या धर्तीच्या डिझेल इंजिनांवर व्हिटवर्थ मापे आढळतात आणि त्यांच्या पान्यावर डोक्याची रुंदी नव्हे, तर बोल्टची जाडी लिहिलेली असते. व्हिटवर्थ अर्ध्या इंचाच्या पान्याचे तोंड प्रत्यक्षात ०.९२ इंच, म्हणजे सुमारे २३.४ मिलिमीटर असते. त्यावर २४ चा पाना लावला तर अर्ध्या मिलिमीटरहून अधिक ढिलाई राहते. इंचाचा ११/१६ पाना सुमारे १७.५ मिलिमीटरचा असतो. त्या डोक्यावर १७ चा पाना शिरत नाही आणि १८ चा घसरतो. उलटपक्षी इंचाचा ३/४ व १९ मिलिमीटर हे जवळजवळ सारखेच आहेत. ज्याच्या घरी असे जुने इंजिन आहे त्याने त्या मापाचे तीन-चार पाने निराळे घ्यावेत. जुन्या हत्यारांच्या बाजारात ते पुष्कळदा चांगल्या पोलादाचे व अल्प किमतीत मिळतात. असा खर्च महागड्या नव्या पेटीपेक्षा किती तरी उपयोगी पडतो.

खरेदी करताना

दुकानात जाताना आपल्या यंत्राचा एक नवा, न वापरलेला बोल्ट खिशात न्यावा. पाना त्याच्या डोक्यावर बसवून हलवून पाहावा. पाना खडखड हलला तर तो परत ठेवावा. पान्यावर बनविणाऱ्याचे नाव व माप ठळक उठलेले असावे. तोंडाच्या आतील बाजू सपाट असाव्यात, त्यांवर मुलाम्याचे फोड नसावेत. कानस लावून पाहिली तर साध्या लोखंडास ती सहज कापते, चांगल्या पान्यावर मात्र कष्टाने चालते. अर्थात ही परीक्षा दुकानदार करू देणार नाही. ती घरी आधीच असलेल्या निनावी पान्यावर करून पाहावी, म्हणजे फरक हातास कळेल.

भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि १९८७ पासून तिचे कार्य भारतीय मानक ब्यूरो करीत आहे. फिक्स पान्यासाठी आय. एस. २०२८, रिंग पान्यासाठी आय. एस. २०२९ व पकडीसाठी आय. एस. ३६५० ही मानके आहेत. मालावर किंवा वेष्टनावर हा क्रमांक व मानकचिन्ह असल्यास पाहावे. शेतकऱ्यास परदेशी नावापेक्षा हे चिन्ह अधिक उपयोगी आहे.

कोणत्या हत्यारास किती पैसे घालावेत, याविषयी आमचे मत असे. रिंग व फिक्स पाने, पकड, पेचकस, पाईप पाना व कानस ही नामांकित देशी घ्यावीत. त्यांच्या तोंडावर, दातांवर किंवा धारेवर सारे काम अवलंबून असते. वाईट पेचकसाचे टोक वळले की स्क्रूची खाच जाते, वाईट पकडीची धार तारेवरच दबते. पहार, छिन्नी व घण यांसाठी गावच्या लोहारासारखा दुसरा माणूस नाही. ट्रॅक्टरच्या जुन्या पोलादी भागापासून तो उत्तम छिन्नी करून देतो आणि बोथट झाली तर पुन्हा पाणीही देतो. हातोडा विकत घेतला तरी साधा चालतो, मात्र दांडा पक्का असावा. एका हातोड्याने दुसऱ्या हातोड्याच्या तोंडावर मारू नये, तसेच छिन्नीचे डोके फुलासारखे पसरले असल्यास ते घासून टाकावे. त्यातून उडणारी कपरी डोळ्यात गेल्यास डोळा जातो.

मागेपुढे सरकणाऱ्या जबड्याचा पाना, ज्यास आपण स्क्रू पाना म्हणतो, एक असावा पण तोच एक नसावा. एकाच हत्यारात सर्व मापे मिळतात म्हणून तो लोकप्रिय आहे. जेथे त्याच्यावाचून चालते, तेथे तो वापरू नये. वापरावा लागलाच तर जोर स्थिर जबड्याकडे येईल असा फिरवावा.

विजेच्या कामाची पकड हा मात्र काटकसरीचा विषय नव्हे. मोटरचा स्टार्टर उघडणारा शेतकरी पकडीच्या लाल किंवा पिवळ्या प्लॅस्टिकवर विसंबून राहतो. ते प्लॅस्टिक बहुतेक पकडींवर केवळ हातास पकड मिळावी म्हणून असते. विजेपासून संरक्षण देणाऱ्या हत्यारावर १००० व्होल्ट असा उल्लेख व दुहेरी त्रिकोणाची खूण असते. असे हत्यार असले तरी आधी मुख्य कळ बंद करावी व ती दुसरे कोणी चालू करणार नाही अशी व्यवस्था करावी. ओल्या पायांनी विहिरीवर काम करणाऱ्याने तर हा नियम कधीही मोडू नये.

जतन

हत्यारे हरवू नयेत म्हणून त्यांच्या दांड्यास पिवळा किंवा तांबडा रंग लावावा. काळ्या मातीत व पाचटात तो लांबून दिसतो. जाड कापडाची कप्पे असलेली गुंडाळी घरीच शिवावी व प्रत्येक कप्प्यावर माप लिहावे. रिकामा कप्पा दिसला की गुंडाळी बांधण्यापूर्वीच शोध सुरू होतो. पेटीत ही सोय नाही. तेथे सतरा आहे की नाही हे सतरा लागल्यावरच कळते.

विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या तोंडाशी काम करताना पान्याच्या रिंगेत सुतळी ओवून ती मनगटास किंवा चौकटीस बांधावी. कूपनलिकेत पडलेला पाना मोटर व नळीच्या फटीत अडकला तर मोटर वर काढणे मुश्कील होते. पाच रुपयांच्या सुतळीने हजारोंची मोटर वाचते. काम संपल्यावर हत्यारे पुसून त्यांवर इंजिनातील वापरलेल्या तेलाचा नव्हे, तर स्वच्छ तेलाचा हात फिरवावा. फवारणीच्या औषधांजवळ किंवा खताच्या गोण्यांशेजारी ती ठेवू नयेत, कारण खताच्या धुळीने चांगल्या मुलाम्यासही गंज चढतो.

गटासाठी काही हत्यारे

काही हत्यारे अशी आहेत की ती एका शेतकऱ्यास वर्षातून एकदा-दोनदाच लागतात, पण लागतात तेव्हा त्यांवाचून अडते. ठरावीक पिळापर्यंतच आवळणारा टॉर्क पाना, बेअरिंग ओढून काढण्याचा पुलर, मोठ्या मापांच्या गोट्या, आटे पाडण्याचे टॅप व डाय आणि पंप वर काढण्याची साखळी-कप्पी ही त्यांपैकी होत. इंजिनाच्या डोक्याचे बोल्ट अंदाजाने आवळल्यास गॅस्केट जाते आणि दुरुस्तीचा खर्च टॉर्क पान्याच्या किमतीस मागे टाकतो. अशी हत्यारे उंची प्रतीची घेणे योग्य ठरेल, पण ती दहा-पंधरा जणांनी मिळून घ्यावीत. ज्या गावी शेतकरी गटाची किंवा सहकारी संस्थेची औजारे बँक आहे, तेथे ट्रॅक्टर-रोटाव्हेटरबरोबर या हत्यारांची एक पेटीही असावी. देवघेवीची वही ठेवावी, हत्यार परत येताना मोजून व पुसून घ्यावे. टॉर्क पाना ठेवताना त्याची स्प्रिंग सर्वांत कमी आकड्यावर आणावी, नाहीतर तो चुकीचा पीळ दाखवू लागतो. तो अडकलेला नट सोडविण्यास कोणासही देऊ नये, मग मागणारा सरपंच असो.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी खरिपाच्या तयारीपूर्वी गावात एक लहानसे प्रात्यक्षिक घ्यावे. एक फाकलेला पाना, एक चांगला पाना, कोपरे गोल झालेला एक नट, ४.६ व ८.८ चे दोन बोल्ट आणि एक नळी एवढे साहित्य पुरते. शक्य असल्यास गावातील मेकॅनिक व लोहार या दोघांनाही बोलवावे. कागदावरील माहितीपेक्षा त्यांच्या हातातील माहिती लोकांना लवकर पटते. यंत्रांची निगा व दुरुस्ती याविषयी अधिक प्रशिक्षणाची गरज वाटल्यास राहाता तालुक्यातील बाभळेश्वर येथील कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे विचारणा करावी. विचारणा करताना आपल्या गावात कोणती यंत्रे किती आहेत व त्यांपैकी किती इंचांच्या मापाची आहेत, ही यादी सोबत न्यावी.